रिकामा शब्द

चिंतामण मास्तर १९६३ साली बदलून धामणगाव बढ्याच्या शाळेत आले. त्यांना शब्दकोडी सोडवण्यापेक्षा रचण्याची गोडी जास्त. पुण्याच्या एका साप्ताहिकात दर महिन्याला स्पर्धा असे. संपादक एक शब्द देत आणि वाचकांनी त्याचं शोधसूत्र लिहून पाठवायचं. सूत्र असं हवं की वाचणारा एका वाटेने निघावा आणि उत्तर भलत्याच वाटेवर बसलेलं असावं. शिवाय त्यात एकही शब्द रिकामा चालत नसे.

त्या महिन्याचा शब्द होता 'पुरावा'. मास्तर खूश झाले. कोर्टातला पुरावा, आणि पुरावा म्हणजे गाडावा. त्यांनी लिहिलं, 'जमिनीत गाडावा, तरी कोर्टात उभा राहतो.' बरोबर होतं, पण सपक. शाळेच्या वाटेवर नाल्याच्या काठाला एक एकटी बाभूळ होती. तिच्याकडे पाहता पाहता त्यांना सुचलं. घरी येऊन त्यांनी 'जमिनीत' खोडून 'बाभळीखाली' केलं.

"बाभूळ कशाला?" शरयूने विचारलं. नवऱ्याची सूत्रं आधी तीच वाचायची. "ती काहीच काम करत नाही."

"चित्र उभं राहतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाकीट टपालात टाकलं.

पहिलं बक्षीस मिळालं. शाळेत सत्कार ठेवला. नारळ द्यायला शाळा समितीचे अध्यक्ष उकंडराव होते, गावातले मोठे जमीनदार. मास्तरांनी सूत्र वाचलं, उत्तर सांगितलं. लोकांना समजायला थोडा वेळ लागला, मग हशा पिकला. उकंडराव हसले नाहीत. नारळ त्यांच्या हातातच राहिला. हेडमास्तरांनी दोनदा खुणावलं तेव्हा कुठे त्यांनी तो पुढे केला.

रविवारी सकाळी उकंडरावांनी मास्तरांना मळ्यात बोलावून घेतलं. बैलांना कडबा टाकत होते.

"मास्तर, ते तुम्हाले कोणं सांगितलं?"

"काय?"

"ते कोडं."

मास्तरांना वाटलं, यांना गंमत समजली नसावी. ते उत्साहाने सांगू लागले. वरून एक अर्थ दिसतो, आतून दुसरा निघतो, सांगायचं ते सरळ सांगायचं नाही, हीच त्यातली कला.

"हाव. वरून एक अन् आतून एक," उकंडराव सावकाश म्हणाले. "तेच तं मी इचारून राह्यलो. गाडावा, समजलं. कोर्टात उभा राह्यतो, तेही समजलं. बाभयीखालीच काऊन?"

मास्तरांनी मनातल्या मनात सूत्र पुन्हा तपासलं. बाकी प्रत्येक शब्दाचा हिशेब त्यांना देता आला असता. "सहज सुचलं," ते म्हणाले, आणि आपलंच बोलणं त्यांना खोटं वाटलं. उकंडरावांनी उरलेला कडबा बैलांपुढे टाकला. मग शांतपणे म्हणाले, "या आता. घरी बाई एकट्या असतीन."

बुधवारी शाळेच्या वाटेवर बाभूळ नव्हती. बुंधासुद्धा उपटून नेला होता आणि तेवढाच तुकडा नांगरलेला होता. मास्तर थबकले. शेतातून उकंडरावांचे दोन गडी त्यांच्याकडे बघत उभे होते. मास्तर खाली मान घालून चालू लागले.

मधल्या सुट्टीत झुंबरबाई आली. शाळेत पाणी भरायची. "मास्तर, ते बाभयीचं एकडाव वाचा ना. मले वाचता येत नाही."

मास्तरांनी वाचलं. ती ऐकत राहिली. मग तिने सांगितलं. तिचा नवरा कडूबा उकंडरावांकडे सालदार होता. उकंडरावांचा आपल्या चुलतभावाशी, इंद्रभानशी, बांधाचा खटला चालला होता आणि कडूबाने तालुक्याच्या कोर्टात मालकाविरुद्ध खरं सांगायचं ठरवलं होतं. तारखेच्या चार दिवस आधी तो दिसेनासा झाला. सुरतेला पळाला, असं उकंडराव सांगत आले. त्याला दोन वर्षं झाली.

"थो कोर्टात उभा राह्यणार होता," ती म्हणाली. "तुम्हाले कसं माहीत?"

"मला काहीच माहीत नव्हतं, बाई."

त्याच दिवशी त्यांनी पोलिसांना द्यायचा तिचा अर्ज लिहिला, एकाच अर्थाच्या साध्या वाक्यांत. तिचा अंगठा घेतला आणि लिहिणारा म्हणून खाली स्वतःची सही केली. शरयूने सही पाहिली. तिने फक्त दाराला कडी घातली.

चार दिवसांनी पोलीस आले आणि त्यांनी नांगरलेला तुकडा खणला. माती पुरुषभर खोल भुसभुशीत होती, नुकतीच कोणीतरी उकरून पुन्हा भरलेली. आत काही नव्हतं. झुंबरबाई कडेला बसून होती. तिने मास्तरांकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना. आपण गंमत म्हणून घातलेल्या एका शब्दाने उकंडरावांना आधी सावध केलं, तिला नंतर, हे त्यांना तेव्हा कळलं.

महिन्याच्या आत बदलीचा हुकूम आला. सोनाळा. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निघायच्या दिवशी सामान गाडीवर चढत असताना उकंडराव आले. शरयूच्या हातात त्यांनी संत्र्यांची पिशवी दिली.

"सोनाळ्याले माही बहीण देली हाय," ते मास्तरांना म्हणाले. "माह्यं तिकडं येणंजाणं असते. घर सापडीनच."

ते गेल्यावर शरयूने विचारलं, "काय म्हणाले?"

"येतो म्हणाले," मास्तर म्हणाले. गाडी हलली. गाव मागे पडेपर्यंत ती पिशवी दोघांच्या मध्ये तशीच होती, आणि तिला कोणी हात लावला नाही.