कारणाचा रकाना

"हे कुणी उघडलं?"

कुलूपबाईंचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या खोलीतल्यांनी माना वर केल्या. कारखान्याच्या संगणक विभागात त्यांना सगळे कुलूपबाईच म्हणत. क्वचित तोंडावर, एरवी पाठीमागे. पगारापासून आजारपणापर्यंत सगळं एकाच जुन्या, अवाढव्य सिस्टीममध्ये होतं आणि तिला हात लावायला कुणी धजत नसे. बाई तिच्यावर छोटी छोटी ॲप्स बसवत. रजेचं एक, कामाची पाळी लावायचं एक, जेवणाचं एक. प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी. जेवणाच्या ॲपला पगार दिसता कामा नये, पाळीच्या ॲपला आजार दिसता कामा नये. बाई घरी साखरेच्या डब्यालाही कुलूप लावत असतील, असं म्हणून लोक हसत.

आज पाळीच्या ॲपवर रजेचं कारण दिसत होतं. प्रत्येक माणसाच्या नावापुढे, ठळक अक्षरांत.

"मीच सांगितलं उघडायला," विभागाचे साहेब म्हणाले. "तुम्ही गावाला होतात. पाळी लावणाऱ्या सुपरवायझरला कळायला नको, माणूस का येत नाही ते? एवढं काय आकाशपाताळ एक करताय?"

"साहेब, त्यात लोकांची दुखणी आहेत. ती फक्त कंपनीच्या डॉक्टरांनी बघायची!"

"मग करा बंद. कुणी विचारलंच, तर तांत्रिक बिघाड होता म्हणा."

बाईंनी ती परवानगी काढून टाकली, पण अंगाचा तिळपापड झाला होता. म्हणे बिघाड! बिघाड यंत्रात होतो. हा तर धडधाकट माणसाने खुर्चीत बसून केला होता. संचालकांच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की बिघाडबिघाड काही नव्हता, साहेबांचा हुकूम होता. संचालकांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

बोभाटा तोवर झालाच होता. क्रेनवाला मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, हे अख्ख्या शेडला कळलं होतं. कंपनीच्या डॉक्टरांनी तो क्रेन चालवायला ठणठणीत असल्याचं कधीच कळवलेलं. तरी सुपरवायझरने त्याला खाली उतरवून हातात झाडू दिला. बाई तडक शेडमध्ये गेल्या.

"त्याला वर चढू द्या. डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"बाई, तुम्ही तुमची कुलपं सांभाळा," सुपरवायझर म्हणाला. दोघंतिघं फिदीफिदी हसले. त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली बाईंना.

क्रेनवाला मात्र झाडत राहिला. बाई जवळ आल्यावर हळूच म्हणाला, "ताई, आमच्या हिलासुद्धा मी सांगितलं नव्हतं. तिला शेजारणीकडून कळलं."

बाईंना स्वतःचाच राग आला. रजेच्या अर्जात कारण काय लिहू, असं त्याने सुरुवातीला विचारलं होतं तेव्हा, "खरं लिहा, डॉक्टरांशिवाय कुणी वाचणार नाही, माझा शब्द आहे," असं त्याच म्हणाल्या होत्या. शब्द त्यांचा, आणि मोडला दुसऱ्याच कुणी. साहेबांची तर झोपही उडाली नसेल.

शेवटी डॉक्टर हटून बसले, तेव्हा क्रेन त्याला परत मिळाली. आता तो ओझं उचलू लागला, की खालची माणसं गरजेपेक्षा जरा जास्तच लांब सरकत.

पुढच्या महिन्यात तो बाईंच्या टेबलाशी आला. मोबाइलवर रजेचा अर्ज पुढे जात नव्हता. बाईंनी तो सुरू करून दिला आणि सवयीने तोंड फिरवलं.

"बघा ना, ताई. लपवायचं काय त्यात?"

त्याने मोबाइल पुढे धरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, सर्दी.

आता खरंच कुणी बघणार नाही, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"जपा हं," त्या म्हणाल्या. "सर्दी अंगावर काढू नका."

"नाही काढत," तो म्हणाला, आणि त्याने अर्ज पाठवून दिला.