टॉवेलखालचं जिणं

मी एक जुनी सायकलिंगची शॉर्ट आहे. काळी, अंगाला घट्ट बसणारी, आणि बैठकीच्या जागी जाड गादी शिवलेली. हसलात ना? मला ठाऊकच होतं. छत्री बोलायला लागली, कंदील बोलायला लागला की तुम्ही कान टवकारून ऐकता. मी तोंड उघडलं की मात्र एकमेकांना कोपरं मारता. तर मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. हसून झालं की नीट बसा, कारण आज मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. ताणलं जाणारं कापड, सपाट शिवण, मध्ये मऊ गादी. शिवणीला एकही गाठ नाही, कारण मला अंगाला लागून घालायचं असतं, आत दुसरं काहीही न घालता. गादी घाम शोषते, कातडी घासू देत नाही. एवढंच माझं काम आणि ते मी चोख करते. पण गादी कापणाऱ्याच्या समोर साचा होता तो पुरुषाच्या बैठकीचा. बायकांची बैठक रुंद असते, त्यांची गादी वेगळी कापावी लागते, हे त्या कारखान्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिथून मी अमरावतीच्या एका दुकानात आले. एक दिवस प्रियदर्शनी आली, सोबत तिची आई शकुन. प्रियदर्शनी कॉलेजात शिकायची, सकाळी सायकलचा सराव करायची आणि तिथून थेट स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायची. तिने बायकांची शॉर्ट मागितली.

"लेडीजमधी नाही येत ताई," दुकानदार म्हणाला. "हेच घालतेत सगळे."

सगळे म्हणजे कोण, तर सगळी पोरं. पण दुसरं काही मिळेना, म्हणून तिने मला घेतलं.

आता थोडं कौतुक सांगते, कारण पुढे सांगायला फारसं उरणार नाही. प्रियदर्शनीचे पाय म्हणजे पाय होते! परतवाडा मागे टाकून चिखलदऱ्याचा घाट सुरू झाला की पोरं उभी राहून पायडल मारायची, धापा टाकायची. ही बसल्या जागी एकसारखी चढत राहायची. मी तिच्यासोबत ते धुकं पाहिलं, थंड वारा खाल्ला. वर पोचल्यावर अनुप सर, म्हणजे त्यांचे प्रशिक्षक, पोरांना म्हणायचे, "पाय पाहा रे हिचे, शिका काही." तेव्हा मला वाटायचं, माझ्यासारखं नशीब कुठल्या कापडाला नाही. तिला राज्याच्या संघात जायचं होतं आणि ती जाणार याबद्दल मला शंका नव्हती.

पण घरी काय चालायचं ते ऐका.

पहिल्याच दिवशी शकुनने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि लेकीला बजावलं, "आत चड्डी घालजो व. अशी उघडी थोडीच घालतेत?" झालं. आत सुती चड्डी, मध्ये मी आणि वर ट्रॅकपँट. आतल्या चड्डीची शिवण दर पायडलला तिच्या कातडीवर घासायची. मी मध्ये नुसती भरीला होते. गादी असून नसल्यासारखी!

सराव संपला की पोरं मैदानावरच्या एकुलत्या एका खोलीत जाऊन कपडे बदलायची. मुलींना खोली नव्हती. प्रियदर्शनी घामाने चिंब झालेल्या माझ्यावरच सलवार चढवायची आणि क्लासमध्ये जाऊन बसायची. दुपारपर्यंत मी ओली, ती ओली, आणि समोर फळ्यावर राज्यघटनेतली समानता.

आणि मग धुणं. या घरातल्या बाबांचे बनियन, ज्यांत बनियनपेक्षा भोकं जास्त, ते गच्चीवर भर उन्हात फडफडायचे. त्यांची पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी चिमटे लावून मधोमध टांगलेली असायची, साऱ्या गल्लीला दिसावी अशी. मला मात्र न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला लटकवायचे आणि वरून टॉवेल टाकायचे. तोही ओला.

"खालून मान्सं जातेत," शकुन म्हणायची. "पोरीचं असं काही दिसलं त काय म्हनतीन?"

शकुन वाईट बाई नाही. तिचे स्वतःचे कपडेही तिने जन्मभर तसेच वाळवले होते, तिला तिच्या आईने तेच शिकवलं होतं. पण मला सांगा, बाबांच्या चड्डीला लाज नाही आणि माझ्यामुळे घराण्याची अब्रू जाते, हा कुठला न्याय? मी कधी पुरती वाळलेच नाही. गादीच्या पोटात ओल राहिली, कुबट वास यायला लागला. सकाळी प्रियदर्शनी नाक मुरडून तीच दमट शॉर्ट पुन्हा चढवायची. दुसरी घेऊन द्यायचं कुणाला सुचलं नाही. पोरांच्या बॅगेत मात्र दोन-दोन असायच्या.

मग जे व्हायचं तेच झालं. आधी पुरळ आलं, खाज सुटली. तिने चुपचाप पावडर लावली. मग कातडी सोलवटली. आणि बैठकीच्या जागी गळू धरलं. सायकलवर बसताना ती ओठ दाताखाली दाबायची आणि मला ते सगळं कळायचं, पण मला हात ना पाय, मी काय करणार?

सरांनी विचारलं, "आज मागे काहून पडून राहिली?"

"पोट दुखून राहिलं सर," ती म्हणाली.

मित्रांनो, मुलींचं काहीही दुखलं तरी पोटच दुखतं. पोट हा शब्द ऐकला की सरांची नजर लगेच दुसरीकडे वळते, पुढे कुणी काही विचारत नाही आणि सगळ्यांची सुटका होते. फक्त जिचं दुखतं तिची होत नाही. सर घाईघाईने म्हणाले, "बरं बरं, आराम कर." आणि शकुनला थोडंफार कळलं तेव्हा तिने सगळा दोष सायकलीवर टाकला. "हे सायकलीनंच होते. या बारीले निवड झाली त चालव. नाही झाली त इकून टाकू अन् परीक्षेचा अभ्यास कर." म्हणजे एका निवड चाचणीवर सगळं येऊन ठेपलं.

ती चाचणी अकोला-बाळापूर रस्त्यावर होती. आदल्या दिवशी प्रियदर्शनी अकोल्याला तुबाकडे मुक्कामाला गेली. तुबा तिची शर्यतीतली मैत्रीण, आणि तुबाचा भाऊ इमाद अमरावतीला होस्टेलवर राहून अनुप सरांकडेच सराव करायचा. प्रियदर्शनीने त्यांच्या घरीही सवयीप्रमाणे मला धुतलं, दारामागचा खिळा शोधला आणि वर आपली ओढणी पांघरली. परक्या घरात तर जास्तच जपायला हवं, असं तिला वाटलं.

तुबाची आई जहाँआरा हात धुवायला आली. तिने ओढणी उचलून बघितली.

"ये गिल्ली चड्डी ओढनी के नीचे काहून टांगी बेटा?" ती म्हणाली. "चड्डी को कायका परदा?"

आणि मला उचलून, आतली बाजू बाहेर करून, ती सरळ गच्चीवर घेऊन गेली. तिथे दोरीवर तुबाची शॉर्ट मजेत वाळत होती. शेजारी तिच्या अब्बांची लुंगी. मी जन्मात पहिल्यांदा गादीवर ऊन घेतलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

खाली प्रियदर्शनी तुबाला विचारत होती, "तुले नाही होत व काही? जळजळ, फोड?"

"होत होतं. मंग इमादनं सांगतलं. आत काही घालाचं नाही, उतरल्याबरोबर बदलाची, रोज धुतलेली घालाची, उन्हात वाळवाची, कातडीले मलम लावाचं."

"इमादले कोनं सांगतलं?"

"सरनंच त. पयल्याच आठवड्यात. सगळ्या पोरांले बसवून सांगतलं म्हने. तुमाले नाही सांगतलं?"

प्रियदर्शनीला तो दिवस आठवला. सर मुलींना म्हणाले होते, "तुमी जा, बाटल्या भरून आणा." मुली पाण्याच्या टाकीपाशी गेल्या आणि मागून पोरांचं खिदळणं ऐकू आलं. औषध तिथेच होतं, त्याच मैदानावर, आणि त्याच वेळी मुली नळाखाली बाटल्या धरून उभ्या होत्या. कारण पोरींशी असलं कसं बोलायचं! पोरींचे पाय घाटावर चढवायचे, त्यांच्या पदकांचे फोटो काढायचे, पण त्यांना कातडी आहे हे मान्य करायला लाज वाटायची.

जहाँआराने तिला संध्याकाळीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, औषधं लिहिली आणि सांगितलं, "गळू फोडायचं नाही, दाबायचं नाही. बरं होईपर्यंत सायकलवर बसायचं नाही. आणि लवकर का नाही आलीस?" त्या शेवटच्या प्रश्नाला प्रियदर्शनीकडे उत्तर होतं, पण ते त्या बाईंना द्यायचं नव्हतं.

सकाळी ती बाळापूर रस्त्यावर गेली. सायकल हातात धरून, पायी. अंगात सैल सुती सलवार. मी तिच्या पिशवीत होते, कोरडी, स्वच्छ, आणि संतापलेली. सगळी पोरं-पोरी रांगेत उभी होती. सर आले.

"काय झालं? पोट?"

"पोट नाही दुखत सर," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "बसाच्या जागी गळू झालं. वल्ली चड्डी घालून घालून. डॉक्टरनं बसू नको म्हनलं."

पोरं एकदम आपापल्या सायकलच्या चेनकडे बघायला लागली. सरांचा चेहरा लाल झाला. "मंग मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी पोरांले सांगतलं तवा आमाले पानी भराले पाठोलं होतं सर."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग मुलींच्या रांगेतून गीतांजली, जी नवीनच आली होती आणि कधी तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, "माह्यं बी पोट नाही दुखत सर." तिच्या मागून आणखी एक मुलगी तेच म्हणाली. सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चुकलं माह्यं." पुढच्या आठवड्यापासून मैदानावरची ती खोली सरावानंतर आधी मुलींना मिळायला लागली. आधी मुलींना! पोरं बाहेर उभी राहतात आणि कुणाचंही काही बिघडत नाही.

पण मित्रांनो, तेवढ्याने माझा राग जात नाही. त्या दिवशी चाचणीत तुबा उतरली, इमाद उतरला, आणि जिल्ह्यातली सगळ्यात चांगली चढणारी मुलगी कडेला उभी राहून त्यांच्यासाठी ओरडत होती. तिचं वर्ष गेलं. पाय धड, दम धड, सायकल धड, आणि वर्ष गेलं ते एका टॉवेलपायी.

घरी शकुन वाट बघत होती. "नाही झाली ना निवड? मी म्हनलंच होतं, इकून टाकू."

"सायकल नाही इकाची आई," प्रियदर्शनी म्हणाली. आणि तिने आईला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. शकुन ऐकता ऐकता खाली बसली. "माह्या पोरीले मीच..." एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतःच्या हाताने गच्चीवर नेलं. दोन चादरींच्या मध्ये टांगलं, कुणाला दिसू नये म्हणून. म्हटलं चला, वारा तरी लागतो. पुढे एक दिवस चादरी धुतल्याच नव्हत्या. मला हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली, खाली गल्लीत बघितलं, आणि मला दोरीवर टाकून चिमटा लावला.

आता माझं इलॅस्टिक सैल झालं आहे, आणि प्रियदर्शनीने दुसरी शॉर्ट आणली आहे, बायकांच्या मापाची, शोधून शोधून. माझी काही तक्रार नाही. माझं मागणं तुमच्याकडे आहे, विशेषतः मघाशी जे सगळ्यात जोरात हसले त्यांच्याकडे. उद्या सकाळी घरातल्या दारांच्या मागे बघा. तुमच्या आईचं, बहिणीचं काहीतरी तिथे टॉवेलखाली कुबट होत पडलेलं असेल. ते उचला, उलटं करा आणि तुमच्या बनियनशेजारी उन्हात टाका. कोणी विचारलं तर सांगा, वाळत घातलं आहे.