जड डबा

आमच्या सूनबाईंना एक वाईट खोड आहे. कुणी प्रेमाने काही आणून दिलं की आधी त्याची उलटतपासणी. मी स्वतः बाजारात गेले, स्वतः निवडून, कडेवर पोर घ्यावं तसा तिच्यासाठी डबा घेऊन आले. आणि तिने काय केलं? खोक्यावरचं वाचलं, खोकं फिरवून मागचं वाचलं, आणि म्हणाली, "आई, हा मी नाही लावणार."

उघडूनसुद्धा पाहिला नाही!

"का गं? मी आणला म्हणून?"

"नाही हो. यावर साडेआठशे वॉट लिहिलंय म्हणून."

"मग? तुला तेवढेच तर हवेत!"

"लिहायला काय, कुणीही काहीही लिहितं."

अंगाचा तिळपापड झाला माझा. आमचे चिरंजीव तिथेच इस्त्री करत होते. बायको आणि आई समोरासमोर आल्या की त्यांना एकाच कॉलरवर दहा वेळा इस्त्री फिरवावी लागते.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात एक लोखंडी डबा असतो, त्याला सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज आधी त्याच्यात जाते आणि तो ती सगळ्यांना वाटून देतो. हे मला सुनेनेच सांगितलं. मी शाळेत फार टिकले नाही, पण मला एखादा प्रश्न पडला की घास घशाखाली उतरत नाही. पहिल्या दिवशीच मी तिला विचारलं होतं, "वाटून देतो म्हणजे कसा? मापाने की मागेल त्याला?"

आमची लाँड्री आहे. खाली मशिनं, वर घर. सून दिवसभर काउंटर सांभाळते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते, आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून लढाईवर जाते. तिची एक टीम आहे. कोण कुठे राहतं देव जाणे, पण सगळे एकाच वेळी एकाच मैदानात उतरतात. लग्नानंतर हे कळल्यावर मी नाक मुरडलं होतं. आता इस्त्रीचे कपडे वर ठेवायला जाते तेव्हा जरा उभी राहते, एवढंच. उजवीकडच्या पडक्या भिंतीमागे कुणी लपलं असेल तर तिच्याआधी मला दिसतं.

तर तिचा कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. साधं चालताना नाही. मोठा स्फोट झाला, धुरळा उडाला, सगळे एकदम धावले, की फट्‌ अंधार. टीमच्या कॅप्टनबाईंचा फोनमधला आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता. "रविवारच्या मॅचमध्ये पुन्हा अशी गायब झालीस, तर तुझ्या जागी दुसरी." त्या रात्री सून जेवली नाही.

डबा बदलायला हवा, हे तिला कळलं होतं. पण बदलेल तर शपथ! रोज नुसती वाचत बसायची. हा बरा की तो बरा, याच्याबद्दल अमका काय म्हणतो, त्याच्याबद्दल तमका काय म्हणतो. लग्न ठरवतानासुद्धा आमच्या घराची एवढी चौकशी केली नसेल. शेवटी मला राहवलं नाही.

दुकानदार जाड चष्म्याचा माणूस. त्याने चार-पाच डबे काउंटरवर मांडले. मी प्रत्येक हातात घेतला. माझा हात म्हणजे काटा आहे. गिऱ्हाईक गाठोडं देतं तेव्हा मी ते काट्यावर ठेवायच्या आधी आकडा सांगते, आणि गिऱ्हाईक गप्प बसतं. डब्यांतला एक चांगला भरभक्कम होता, पंख्याला रंगीत दिवे होते. "काकू, हात बरोबर पडला तुमचा," चष्मेवाला म्हणाला, "आत तांबं भरपूर, म्हणून जड." मलाही तेच वाटलं होतं. हलकी वस्तू कधी टिकते का?

आणि ही म्हणते, लावणार नाही.

"बरं," मी म्हटलं, "नको लावूस. पण का नको ते मला समजेल असं सांग. इंग्रजी फेकू नकोस तोंडावर."

ती समोर बसली. हा एक गुण आहे तिच्यात, विचारलं तर सांगते.

"आई, ग्राफिक्स कार्ड असतं ना, चित्र काढणारं, ते कायम तेवढीच वीज घेत नाही. स्फोट झाला की क्षणभर दुप्पट ओढतं. चांगला सप्लाय तेवढा झटका सोसतो. वाईट असेल तर बंद पडतो, नाहीतर स्वतःबरोबर बाकीच्यांनाही जाळतो."

"म्हणजे आपलं मोठं मशीन."

"कसं?"

"कपडे घुसळताना शांत असतं. पिळायला लागलं, ड्रमने पहिली गिरकी घेतली, की दुकानातले दिवे मिचमिचतात. एकदा गिरकी लागली की पुन्हा गप्प."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगदी तसंच!"

"मग असं सांग ना. आणि या डब्याला ती गिरकी सोसणार नाही कशावरून?"

"सोसेलही. पण याला कुणी उघडून, पूर्ण भार टाकून, तासन्‌तास चालवून पाहिलेलं नाही. मी खूप शोधलं. वॉरंटीसुद्धा वर्षाचीच. ज्याने बनवला त्यालाच खात्री नाही, तर मी कशी ठेवू?"

मुद्दा बिनतोड होता, पण लगेच हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी डबा खोक्यातून काढला आणि तिच्यापुढे हातावर तोलला. "वजन बघ आधी! एवढं काय उगाच आहे?"

आणि तोलता तोलता माझा हात थांबला.

ओलं गाठोडं हातात घेतलंय कधी? आमच्याकडे वजनावर धुलाई, तरी काही शहाणे दमट कपडे आणतात आणि मग परत नेताना 'वजन कमी कसं झालं, कपडे गेले कुठे' म्हणून भांडतात. मी गाठोडं उचलल्याबरोबर ओळखते. कोरडं गाठोडं सगळीकडून सारखं जड लागतं. ओलं खाली एका कोपऱ्यात झुकतं, कारण पाणी तिथे जाऊन बसतं. हा डबा तसाच झुकत होता. तारा एका बाजूला, आणि ओझं भलत्याच कोपऱ्यात.

मी उलटा धरला. पुन्हा तोच कोपरा.

"अगं," मी म्हटलं, "या कोपऱ्यात काय असतं?"

तिने हातात घेतला. "तिथे? तिथे खरं तर फारसं काही नसतं."

"मग हे ओलं आहे."

"काय?"

"पायात चप्पल घाल."

चष्मेवाल्याने आम्हा दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि उगाच शेल्फ पुसायला घेतलं. मी डबा त्याच्यापुढे ठेवला.

"उघड."

"काकू, सील तुटलं की वॉरंटी जाते."

"जाऊ दे. एक वर्षाची तर आहे, तिला कुठे म्हातारं व्हायचंय. उघड."

त्याने कुरकुरत स्क्रू काढले. मी वाकून आत बोट घालणार, तोच सुनेने माझं मनगट धरलं. "आई, हात नको! बंद असला तरी आत वीज साठलेली असते." एरवी मी कुणाला मनगट धरू देत नाही.

पंखा बाजूला झाला. आत तांबं होतं म्हणायला, शर्टाच्या बटणाएवढं. आणि कोपऱ्यात, पत्र्याला चिकटवलेला, करड्या सिमेंटचा गोळा. चांगला मुठीएवढा.

"हे कोणत्या वॉटचं?" मी विचारलं.

चष्मेवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "देवाशपथ काकू, मला माहीत नव्हतं. आम्हाला माल बंद खोक्यात येतो."

"तुला माहीत नव्हतं ते मला मान्य. पण मला तांबं म्हणून सांगताना तर चांगलं माहीत होतं तुला!"

सून हसली नाही. हसली असती तर घरी गेल्यावर मी बघून घेतलं असतं. तिने फक्त वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे एक काळा डबा होता. ना दिवा, ना रंग, खोकंसुद्धा उदास.

मी उचलून पाहिला. सरळ, सारखा, पण माझ्या सिमेंटवाल्यापेक्षा हलका. जीव तुटला माझा.

"हा?"

"हाच. लोकांनी उघडून पाहिलाय, पूर्ण भार टाकून चालवलाय. दहा वर्षांची वॉरंटी."

"लोकांनी चालवला असेल. मी नाही पाहिला." मी चष्मेवाल्याकडे वळले. "तुझ्या त्या दाखवायला मांडलेल्या दिव्यांच्या कॉम्प्युटरला हा लाव. आणि हिला खेळू दे."

"इथे? दुकानात?"

"मग काय तुझ्या सिमेंटवर घर बांधू?"

त्याने लावला. सून गिऱ्हाइकांच्या मधे स्टुलावर बसली आणि लढाई सुरू केली. मी मागे, डब्याच्या जाळीपाशी तळहात धरून. स्फोट झाला. हवा जरा गरम आली. मग आणखी दोन स्फोट, सगळे एकदम धावले, धूर, आग. हवा गरम, पण सारखी, इस्त्रीच्या वाफेसारखी धापा टाकणारी नाही. दिवे मिचमिचले नाहीत.

"उजवीकडे, भिंतीमागे!" मी ओरडले.

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. सूनही. "तुम्हाला कसं कळलं?"

"पुढे बघ. मरशील."

डबा बदलून घेतला आणि घरी आणला. तिने तो स्वतः बसवला, मी टॉर्च धरला आणि कोणती तार कुणाला जाते ते एकेक विचारून घेतलं. चिरंजीवांनी खालून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" दोघींनी एकदम "हो" म्हटलं, तेव्हा ते जास्तच घाबरले.

रविवारी दुपारी मी मोठं मशीन मुद्दाम बंद ठेवलं. कपडे कुठे पळून जात नाहीत. स्टूल घेऊन तिच्या मागे बसले. मॅच लांबली. मोठमोठे स्फोट झाले, प्रत्येक वेळी आम्ही दोघींनी श्वास रोखला, आणि प्रत्येक वेळी पडदा तसाच लख्ख. शेवटी तिच्या टीमचे सगळे पडले, ती एकटी उरली, समोर तिघे. दोघांना तिने लोळवलं. तिसऱ्याने तिला.

हरल्या.

हेडफोनमधून कॅप्टनबाई काहीतरी बोलल्या. सुनेने "हो" म्हटलं, मग पुन्हा "हो, मंगळवारी", आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. टीममधली जागा राहिली होती. तरी डोळे भरलेले. कॉम्प्युटर मात्र मंद घुंघुं करत चालूच होता. जाळीपाशी हात धरला, हवा कोमट.

ती माझ्याकडे वळली. काहीतरी ऐकायला मिळणार, हे तिला ठाऊकच होतं.

"डबा चांगला निवडलास," मी म्हटलं. "आज हरलीस ती तुझी तू हरलीस, विजेने नाही हरवलं. आता डोळे पूस, आणि तो तिसरा पायऱ्यांवर बसला होता तो तुला दिसला कसा नाही, ते मला सांग."