किंचाळणारी पेटी

पेटी किंचाळली तशी गर्दी आधी मागे सरली आणि मग एकदम पुढे लोटली.

"माता बोली! माता बोली!" पारावर बसलेला रतिलालबुवा दोन्ही डोळे गरगर फिरवत ओरडला. "सांगितलं नव्हतं मी? गावात आहे! तुमच्यातच आहे!"

आमचं सावळपिंप्री तापीच्या काठचं गाव. केळी, पपई, ऊस, घरोघरी मोटरसायकल, पोराटोरांच्या हातात मोबाइल. आणि त्या दुपारी तेच मोबाइल उंच धरून अर्धं गाव एका लाकडी पेटीचं चित्रण करत होतं. पेटीवर लाल चुनरी, वर नारळ, भोवती लिंबं. म्हणे गावातली प्रत्येक बाई पेटीसमोरून जाईल, आणि डाकीण समोर आली की पेटीतली माता हंबरडा फोडेल.

मी रंजिता, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. शाळेचे कॉम्प्युटर चोरीला गेले म्हणून मुख्याध्यापकांनी चोरघंटा आणायला मला शहाद्याला पाठवलं होतं. खोकं पिशवीत घालून मी फाट्यावर उतरले, चालत गावात आले आणि या गर्दीत अडकले.

पेटीसमोर दगूबाई उभी होती. साठीची विधवा. चार शेळ्या, एक पत्र्याचं घर, एकुलता मुलगा कामासाठी सुरतेला. शेजार हिलाल पाटलांचा. हिलालभाऊंची नात, म्हणजे त्यांचा मुलगा योगेंद्र याची लेक, नुकतीच तापाने गेली होती. रतिलालबुवाला गावात आणलं होतं हिलालभाऊंनीच. "मन्ही नात कोन्ही खादी ते माले समजाले जोयजे," एवढंच ते म्हणत होते.

"परत चालव तिला!" बुवाने हुकूम सोडला. "माता खोटी साक्ष देत नाही. ही हिमालयातली शक्ती आहे, तिला ब्रह्मांडाच्या लहरी कळतात. तुमच्या डॉक्टरच्या मशिनीला जे दिसत नाही ते हिला दिसतं!"

दोघांनी दगूबाईला दंडाला धरून मागे नेलं आणि पुन्हा पेटीसमोरून ओढलं. पेटी पुन्हा किंचाळली.

योगेंद्रच्या हातात बैलगाडीचं शिवळ होतं, दीड हात लांब लाकूड. त्याने ते उचललं. मारताना त्याचा चेहरा रडवेला होता, ते मला अजून विसरता येत नाही.

"तुनी खादी मन्ही पोर!"

पहिला घाव तिने हातावर झेलला. मनगट मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. "मी काय करं रे भाऊ?" ती ओरडली. "मी ते तिले दूध दिधं! ताप व्हता तिले, मी दूध दिधं!"

"ऐका! दूध दिलं म्हणते!" बुवा कडाडला. "स्वतःच्या तोंडाने कबूल करते!"

मग कोण मारतंय हे कळेनासं झालं. बायकासुद्धा होत्या. एकीने तिचे केस धरले, दुसरीने कानातलं ओढलं, पाळी फाटून रक्त मानेवर उतरलं. कोणीतरी पोटात लाथ घातली. मी मध्ये घुसले तर एका माणसाने मला खांद्याला धरून बाजूला भिरकावलं.

"मॅडम, तुम्ही मधमा पडू नका. हाई गावनं काम शे."

मी पोलीस ठाण्याला फोन लावला. "गाडी निघते," पलीकडून उत्तर आलं. ठाणं दूर होतं आणि दगूबाई तोवर टिकणार नव्हती.

"थांबा!" बुवाने हात वर केला. त्याला दया आली नव्हती, त्याला खेळ संपवायचा नव्हता. "आणखी साक्ष घेऊ. सगळ्या गावाने ऐकलं पाहिजे. उठवा तिला!"

तिला उठवलं. पेटी किंचाळली. मार सुरू. पुन्हा थांबवलं, पुन्हा उठवलं. आणि या वेळी, किंचाळण्याच्या अगदी आधी, मला पेटीतून एक बारीक "टिक-टिक" ऐकू आली.

हा आवाज मी सकाळीच ऐकला होता. शहाद्याच्या दुकानात. दुकानदाराने चोरघंटा चालू करून दाखवली तेव्हा आधी हीच टिक-टिक आणि पाठोपाठ भोंग्याची हीच किंकाळी, चढत जाणारी, मध्येच तुटणारी. दुकानातली माता आणि पारावरची माता एकाच गळ्याने ओरडत होत्या.

मी भिंतीच्या आडोशाला गेले आणि खोकं फोडलं. आत पांढरा प्लास्टिकचा डबा, म्हणजे रिसीव्हर. बिनतारी इशारा पकडणारा. त्याला भोंगा जोडलेला, आत बॅटरी भरलेली. दुकानदाराने बजावलं होतं, "मॅडम, हे बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायला लागला की रिमोट दाबा. दिवा स्थिर झाला म्हणजे डब्याने रिमोट ओळखला. पण आजूबाजूला दुसऱ्या कोणाचा असाच रिमोट नाही ना बघा. या स्वस्त डब्यांना आपलं-परकं कळत नाही. पहिला इशारा ज्याचा, त्याचं ते ऐकायला लागतात."

दुकानात तो मला सावध करत होता. आता मला डब्याचा तोच दोष हवा होता.

मी बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. आमचा रिमोट खोक्यातच होता, त्याला मी हात लावला नाही. डबा पिशवीत ठेवला, पिशवी छातीशी धरली आणि गर्दीत घुसत पाराजवळ गेले.

दगूबाईला आता उभं राहता येत नव्हतं. तिला फरफटत आणलं. मी पेटीकडे नाही, बुवाकडे पाहत होते. त्याचा उजवा हात हवेत मंत्र लिहीत होता. डावा हात मांडीखाली होता.

पेटी किंचाळली. माझ्या पिशवीतला दिवा स्थिर झाला.

"आणखी एकदा!" मीच ओरडले. लोक चमकून पाहू लागले. "बुवा, मला ऐकू आलं नाही. आणखी एकदा मातेला बोलवा!"

बुवा खूश झाला. शिकलेली बाई शरण आली की असल्या माणसांना दुप्पट चेव येतो. "बघा! मास्तरीणबाईंचीही शंका फिटणार! जय माते!"

पेटी किंचाळली. आणि त्याच क्षणी माझी पिशवी किंचाळली.

दोन्ही आवाज एकच. एकत्र सुरू झाले, एकत्र थांबले. माझ्याभोवतीची माणसं अंग चोरून मागे सरली.

मी डबा बाहेर काढून डोक्यावर धरला. "ही शाळेची चोरघंटा! सकाळी दुकानातून आणली! हिच्यात कोणती माता आहे?"

बुवाने पुन्हा डोळे गरगर फिरवले. "माता संचारली!" तो ओरडला. "माता त्या यंत्रात संचारली! या बाईने मातेची परीक्षा घेतली! हीसुद्धा त्यातलीच आहे!"

एक दगड आला आणि माझ्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. दुसरा पाठीत. "हिलेबी धरा!" कोणीतरी म्हणालं, आणि दगूबाईला धरलेल्या हातांपैकी काही माझ्याकडे वळले. ती भीती मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. समोर माझ्या विद्यार्थ्यांचे बाप होते.

"योगेंद्र!" मी जीव खाऊन ओरडले. "मला मारायचं तर मार. पण आधी बुवाला सांग, दोन्ही हात वर कर! मग दगूबाईला पेटीसमोर आण. पेटी ओरडली तर मी इथेच उभी आहे!"

योगेंद्र थांबला. त्याच्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते. तो बुवाकडे वळला.

"महाराज, हात वर करा."

"अरे, मातेच्या आसनावर बसलेल्याला..."

"हात वर करा."

"माता कोपेल! तुझं उरलेलं घर..."

योगेंद्रने पारावर उडी घेतली आणि बुवाचा डावा हात मांडीखालून उपसला. मुठीतून एक काळी, आगपेटीपेक्षा लहान वस्तू घरंगळली. त्यावर दोन बटणं. योगेंद्रने ती उचलली, उलटीसुलटी केली.

"हाई काय शे?"

त्याने बटण दाबलं. पेटी किंचाळली, माझा डबा किंचाळला. पेटीसमोर कोणीच नव्हतं. दगूबाई दूर मातीत पडली होती. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. तो दाबत राहिला आणि त्याचं तोंड हळूहळू वेडंवाकडं होत गेलं.

मग रिमोट टाकून त्याने तेच शिवळ बुवाच्या डोक्यात घातलं.

गर्दीला दुसरं कोणीतरी मिळालं. मघाशी "जय माते" म्हणणाऱ्यांनीच बुवाला पारावरून खाली ओढलं. लाथा, चपला, दगड. आपल्या हातांना लागलेलं रक्त दुसऱ्याच्या रक्ताने पुसता येतं असं बहुधा त्यांना वाटत असावं. "सोडा! मरेल तो!" मी ओरडत होते, कोणी ऐकेना. शेवटी पारावर पडलेला तो रिमोट मी उचलला आणि बटण सोडलंच नाही. दोन्ही भोंगे कानठळ्या बसवत सुटले. हात थबकले. सगळ्यांना ठाऊक होतं हे यंत्र आहे, तरी थबकले.

"पुरे!" मी म्हटलं. "त्याला जिवंत राहू द्या. त्याला कोर्टात बोलायचंय. आणि तुम्हालाही."

पोलिसांची गाडी आली तेव्हा कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. पंचांसमोर पेटी उघडली. नारळाच्या खाली तसलाच डबा, तसलाच भोंगा, एक बॅटरी. रतिलाल सुरतेत बंगल्यांना चोरघंटा बसवायचं काम करायचा. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा लागला. दगूबाईला मारणाऱ्यांवरही लागला, त्यात योगेंद्र पहिला.

नंदुरबारच्या दवाखान्यात दगूबाईच्या मनगटात सळई घातली. बरगड्याही मोडल्या होत्या. तिथल्याच डॉक्टरांनी योगेंद्रच्या लेकीचे जुने कागद पाहून सांगितलं, डेंग्यू होता. वेळेवर आणली असती तर बहुतेक वाचली असती. पण तापाचे मोलाचे दिवस अंगारा लावण्यात गेले. तो अंगारा रतिलालनेच दिला होता.

हिलालभाऊ माफी मागायला दवाखान्यात आले. दगूबाईने भिंतीकडे तोंड केलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "मी गावमा येसु. पन बठ्ठास्ले पारवर बलावा. तुन्हा शायनी पेटी आन."

सगळ्या गावाला पारावर बोलावलं. मी शाळेचा डबा आणला, या वेळी शाळेच्याच रिमोटची ओळख करून दिली. दगूबाई पाराच्या कट्ट्यावर बसली, उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात रिमोट.

"एक एक जन मन्हापुढतीन जा."

लोक निघाले. सरपंच गेले, भोंगा वाजला. तिचे केस ओढणारी गेली, वाजला. मुख्याध्यापक, पुजारी, शाळेतली पोरं, हिलालभाऊ, सगळ्यांना वाजला. पोरं आधी हसली, मग हसायची थांबली. शेवटी योगेंद्र आला. जामिनावर सुटलेला, खांदे पाडून चालणारा. पेटीसमोर तो थांबला आणि आवाजाची वाट पाहत राहिला.

आवाज आला नाही.

"वाजनं नही ना?" दगूबाई म्हणाली. "कारन मी दाबं नही."

योगेंद्र मटकन खाली बसला. तिने त्याला उठ म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. सुरतेहून आलेल्या मुलाचा हात धरून ती घरी गेली.

आता एवढंच सांगायचं आहे. डाकीण नसते. कुठेच नसते. आणि नीट पाहा, डाकीण ठरते ती नेहमी एकटी बाई. जिच्या दारात चार भाऊ उभे आहेत तिच्यासमोर कोणतीही माता ओरडत नाही. ताप आला तर रक्त तपासा. चमत्कार दिसला तर माणसाचे दोन्ही हात कुठे आहेत ते पाहा, आणि हात वर कर म्हणायला घाबरू नका. दगड उचलण्याआधी हा प्रश्न विचारा. दगड सुटल्यावर उत्तर मिळून काय उपयोग?