नंबर तुहाच टाक

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण मारेगावातून आपणच हद्दपार केली, असा सलीलचा तोरा होता. त्याच्या सेवा केंद्रात दाखल्याचा अर्ज ऑनलाइन भरला की तहसिलीचे खेटे संपत. तांड्यावरच्या ज्या बायकांकडे मोबाइल नसे, त्यांच्या अर्जात तो बिनदिक्कत स्वतःचा नंबर टाकायचा. निरोप आला की कळवू, त्यात काय एवढं!

बिजलीबाईच्या लेकीचा, संगीताचा, जातीच्या दाखल्याचा अर्ज त्याने असाच भरला. नर्सिंगच्या यादीत पोरीचं नाव लागलं होतं. दाखला वेळेत दिला की जागा पक्की.

त्याच हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला आणि नुकसानीच्या अर्जांसाठी अख्खा तालुका केंद्रावर लोटला. मोबाइल दिवसभर किणकिणायला लागला, तेव्हा सलीलने वैतागून त्याचा आवाज बंद केला. त्या ढिगात संगीताच्या अर्जाबद्दल तहसिलीचा निरोप पडून राहिला: आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत पुसट आहे, पुन्हा पाठवा. मुदत टळली, अर्ज बाद झाला, जागा दुसरीला गेली.

सलीलने तो निरोप वाचला तेव्हा उशीर झाला होता. त्याला घास गिळवेना. बायकोने, मितालीने, विचारलं तर म्हणाला ऊन लागलं, तेही ऐन थंडीत. बिजलीबाई आलीच तर सर्व्हरवर ढकलायचं, असं त्याने ठरवून टाकलं. स्वतःची लाजही वाटली, पण ठरवलं.

ती आली ती पदरात तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन. संगीता मात्र बाहेर पायरीवरच बसली. हल्ली ती वेचणीला जाते, असं बिजलीबाईने सांगितलं. शेंगा टेबलावर ओतून ती म्हणाली, “यंदा नशीब नव्हतं, भाऊ. पुढच्या सालासाठी पुन्हा भर. अन् नंबर तुहाच टाक. तू ध्यान ठेवतं, मले फिकर नाही.”

सर्व्हरची थाप सोडून सलीलने मोबाइल तिच्यापुढे ठेवला.

“मावशी, कागदाची प्रत पुन्हा पाठवा, असा निरोप माझ्याच मोबाइलवर आला होता. मी पाहिलाच नाही.”

बिजलीबाईने बाहेर पायरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “हे तिले तूच सांग. तहसिलीत कागद पुसट हाये म्हणले, तं ती मलेच, सख्ख्या मायले, बोलून राह्यली, का याडी, तू आज्याचा कागद नीट जपला नाही. तवापासून माह्या हातचं जेवत नाही.”

सलील उठला. पायरी चार पावलांवर होती.