मी सुताची लडी नाही

"धू गं बाई, धू गं, कच्चा रंग जाऊ दे,
पाणी होऊ दे गढूळ, सूत पक्कं राहू दे..."

हौदाकाठी आई गायची. मी तिच्या पाठीशी बांधलेली असायची, आवाज हाडांतूनच यायचा. रंगवलेलं सूत पहिल्यांदा धुतलं की जास्तीचा रंग सुटतो, पाणी काळंनिळं होतं आणि लडी उजळून निघते. आमच्या घरात एवढं ज्ञान दुधाच्या दातांबरोबरच येतं.

पुढे आई लिव्हरच्या दुखण्यानं गेली. ताईनं मला वाढवलं, हौदात हात बुडवायला शिकवलं, आणि माझंही लिव्हर बिघडलं तेव्हा तिनं रंगारणीच्याच डोक्यानं विचार केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या पावडरीचा डबा आणला.

"निव्वळ झाडपाला आहे. आतून धुऊन काढतो."

पावडर सुरू झाली आणि लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. डोळे पिवळे, अंगाला खाज.

"बघ!" ताई हरखली. "कच्चा रंग सुटतोय."

"ताई, मी सुताची लडी नाही."

"मोठी शहाणी! घोट घे."

मी घोट घेतला नाही, डबा घेऊन दवाखाना गाठला. डबा बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावायचंच बाकी होतं. "झाडपाला झाला म्हणून काय झालं? तोही लिव्हरलाच पचवावा लागतो, आणि तुमचं आधीच थकलंय. पावडर, काढा, ताकदीच्या गोळ्या, मला विचारल्याशिवाय काही नाही. मीठ कमी. पण उपाशी राहू नका. डाळ खा, अंडी खा, झोपताना पोटात काहीतरी असू द्या. हातापायाचं मांस उतरतंय तुमचं."

उतरतच होतं. ओली लडी पिळताना माझी मनगटं लटपटायची आणि ताई मला पेजेवर ठेवून वर म्हणायची, लिव्हरला विश्रांती हवी.

घरी येऊन मी डबा मोरीत उपडा केला.

"हे काय गं?"

"मोरीचं लिव्हर साफ करतेय."

मग तिच्यासमोर मांडी घालून दोन अंडी खाल्ली. मी शेवटचा घास तर मुद्दाम सावकाश चावला. आई गेली तशी मी जाणार नव्हते, आणि ते मला असं पोट भरून सांगायचं होतं.

दोन दिवस ताईनं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पालकाची डाळ केली, घट्ट, हिरवीगार. "खा. डॉक्टरीण म्हणते ना, डाळ खा." मी मनात म्हटलं, जिंकलीस पोरी! रोज रात्री ताटात तीच डाळ. कडवट लागायची, पण दुखण्यात तोंडाला काय गोड लागतं?

मनगटांत जरा जोर आला. डोळे मात्र पिवळेच.

पुढच्या तपासणीला ताई सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

"आकडे उतरायला हवे होते. वाढलेत. पावडर नक्की बंद आहे?"

"डबा मोरीत ओतला मी! विचारा हिला."

"मग आजारच पुढे सरकतोय असं धरावं लागेल. दाखल व्हा. सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासू. पुढचं त्यावर ठरेल."

मी मान ताठ ठेवली. "होते दाखल. पण हरले असं कुणी म्हणायचं नाही."

ताई खुर्चीत आक्रसून बसली होती. नखांत रंग, हात मांडीवर एकात एक घट्ट. ती कधी कुणासमोर खाली बघत नाही. आत्ताही बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्याला डोळा लावून बोलली.

"तुकडा नका काढू एवढ्यात. मी दुसरा डबा आणला. हिची नजर रंगाला पक्की, पांढऱ्या दुधात घातलं असतं तर लगेच ओळखलं असतं. म्हणून पालकात कालवत होते. रोज. हिनं नाही घेतली, डॉक्टर. मी घातली."