शेजारणीच्या बाळाची पत्रं

"गाईड ठरवण्याआधी त्याची रजा विचार," असं मोठ्या नणंदेनं बजावलं होतं, आणि ऑनर्सला प्रवेश घ्यायला निघालेल्या तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. नणंदेनं स्वतः कला शाखेचं ऑनर्सचं, म्हणजे पदवीनंतर प्रबंध लिहायचं, वर्ष केलेलं, तेव्हा बोलणं अनुभवाचं होतं. पण नणंदेला बाळाच्या टोपीपासून समोरच्या घरातल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यात खोट दिसायची, त्यामुळे तिचं किती मनावर घ्यायचं हाही प्रश्नच होता. तशी काळजी करण्यात नणंदेपेक्षा ती स्वतःही काही कमी नव्हती. लेक झोपली की दर पाच मिनिटांनी नाकाखाली बोट धरून श्वास चाललाय ना, हे ती बघायची. घरात तिचं नावच 'पहारेकरीण' पडलं होतं. फक्त कॉलेजच्या बाबतीत ती निर्धास्त होती, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं.

ऑनर्सच्या प्रवेशाचे नियम तिला तोंडपाठ होते. मुख्य विषयात शेवटच्या दोन वर्षांची सरासरी पासष्ट हवी; तिची सदुसष्ट होती. पदवी मिळून दोन वर्षं उलटलेली नकोत. तिची दोन वर्षं याच महिन्यात भरत होती, कारण मधला काळ बाळंतपणात आणि लेकीच्या कानदुखीत गेला होता. पाचशे शब्दांत विषयाचा प्रस्ताव हवा, आणि वर्षभर हजर राहणाऱ्या गाईडची सही. तिचे इतिहासाचे सर म्हणाले होते, अगं ये की, मी आहेच. तेवढ्या शब्दावर ती गाफील राहिली. अर्जाच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, लेकीला कडेवर घेऊन आणि फॉर्म काखोटीला मारून ती विभागात पोचली, तर सरांच्या दारावर चिठ्ठी: गुडघ्याची शस्त्रक्रिया, सहा महिने रजा.

कारकून भला माणूस होता. त्यानं लेकीच्या हातात रिकामी फाइल दिली, तिला खुर्ची दिली, आणि मग सांगितलं की सही नाही तर फॉर्म नाही, आणि खिडकी पाचला बंद होते. पुढच्या वर्षी या, असं म्हणता म्हणता त्याची नजर पदवीच्या तारखेवर गेली आणि त्यानं फॉर्म हळूच तिच्याकडे सरकवला; पुढच्या वर्षी तिची मुदत उलटलेली असणार होती. रडायला वेळ नव्हता. आज कोण कोण आहे, तिनं विचारलं. दोन प्राध्यापक परिषदेला गेलेले. एकाकडे आधीच पाच विद्यार्थी, त्याहून जास्त घेता येत नाहीत.

"कात्री मॅडम आहेत," कारकून म्हणाला, आणि बरं वाटावं म्हणून पुढं जोडलं, "चावत नाहीत त्या."

कात्री हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वीस पानांची सात होऊन परत यायची, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं ते बिरुद. ती आत गेली आणि नमस्कार करायच्या आधी टेबलाच्या कडेची टाचण्यांची डबी उचलून तिनं कपाटावर ठेवली. मग तिच्या लक्षात आलं की आपण परक्या बाईच्या खोलीत सामान हलवतोय.

मॅडमनी डबीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि प्रस्ताव मागितला. विषय होता जुन्या वर्तमानपत्रांतल्या 'डॉक्टरांना विचारा' या सदरात आलेली आयांची पत्रं. प्रस्ताव नऊशे शब्दांचा होता. जास्त लिहिलं तर तयारी जास्त दिसेल, असा तिचा हिशेब. मॅडम वाचत गेल्या तसतशी त्यांची पेन्सिल आडवी फिरत गेली. पहिलं पान साफ झालं. दुसऱ्याचंही काही खरं दिसत नव्हतं.

"यात तुझं काय आहे?" त्यांनी विचारलं. "हे सगळं इतरांनी म्हणून झालंय."

लेक तिच्या केसांना लोंबकळत होती. घड्याळात साडेतीन झाले होते. सभ्य उत्तर शोधायला सवड नव्हती, म्हणून खरं होतं तेच तोंडातून गेलं.

"यातल्या बहुतेक पत्रांत कुणी स्वतःच्या बाळाबद्दल विचारत नाही, मॅडम. एक लिहिते, माझ्या शेजारणीचं बाळ दूध पीत नाही. दुसरी लिहिते, माझ्या भावजयीचं बाळ रात्रभर रडतं. मी दोनशे बारा पत्रं पाहिली, त्यातल्या एकशे चाळीस पत्रांत शेजारीण नाहीतर नात्यातलं कुणीतरी आहे. इतक्या शेजारणी कुठून येतील?"

"मग कोण आहेत त्या?"

"त्याच आहेत. पत्र लिहिणाऱ्या."

"कशावरून?"

तिचे कान तापले. "गेल्या महिन्यात दवाखान्यात मीही नर्सला म्हणाले, माझ्या मैत्रिणीचं बाळ अजून पालथं पडत नाही, काही काळजीचं आहे का. मला अशी मैत्रीणच नाहीये."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं की हे नऊशे शब्दांत कुठं आहे. कुठंच नव्हतं.

"तेवढंच लिही. इथं बस. मुलगी माझ्याकडे दे."

तिनं लिहिलं. कात्री मॅडमच्या मांडीवर बसून लेकीनं त्यांच्या चष्म्याची दांडी चघळली आणि त्यांनी चघळू दिली. मध्येच त्यांची नजर फॉर्मवर गेली. पूर्णवेळ या चौकटीत तिनं ठसठशीत खूण केली होती. निम्म्या गुणांचा प्रबंध, उरलेल्या निम्म्यात दोन सेमिनार आणि संशोधनपद्धतीचा पेपर, हे सगळं बारा महिन्यांत, कडेवर मूल घेऊन. अर्धवेळाची सोय तिला माहीत होती. पण ती मागितली की आपण कच्च्या ठरू, अशी तिची पक्की समजूत होती.

"ऑनर्सला वर्ष म्हणतात म्हणून ते एका वर्षातच उरकायचं असं कुणी सांगितलं तुला?" मॅडमनी खूण खोडली. "पहिल्या वर्षी सेमिनार आणि पद्धती. दुसऱ्या वर्षी नुसता प्रबंध. मी दोन्ही वर्षं इथंच आहे, रजेबिजेवर जात नाही."

आणि त्यांनी सही केली. सही फॉर्मवर मावेना इतकी लांबलचक होती. एवढी एकच गोष्ट बाईंनी कधी कापली नसावी.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती खिडकीशी आली. कारकुनानं प्रस्तावाचे शब्द बोटानं मोजले. चारशे अठ्ठ्याण्णव. त्यानं शिक्का असा काही हाणला की लेक दचकली आणि मग खदखदून हसली, आणि तिला वाटलं, आपणही आता या लेकीसारखं मोठ्यानं हसावं. ती हसली. मागं रांगेत कुणी नव्हतंच.

दोन वर्षांनी तिचा प्रबंध विभागात पहिला आला. परीक्षकांनी लिहिलं की ही नजर शिकवून येत नाही. नणंदेनं फोनवर आधी अभिनंदन केलं आणि मग, रजा विचारली असतीस तर एवढी धावपळ झाली नसती, हेही ऐकवलं. तिनं या खेपेला निमूट ऐकून घेतलं. घरी 'पहारेकरीण' म्हणायचे तसंच म्हणत राहिले, फक्त आता पाहुण्यांना ते कौतुकानं सांगू लागले.

नव्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत प्रवेशाच्या नियमांखाली अर्धं पान रिकामं होतं. मॅडमनी ते तिला दिलं आणि बजावलं, शंभर शब्द, एक जास्त नको. तिनं सरासरीबद्दल लिहिलं, सहीबद्दल लिहिलं, अर्धवेळ मागायला लाजू नका असं लिहिलं. शेवटी चार ओळी उरल्या, त्यात तिनं लिहिलं:

"तुमच्या वर्गात एक जण होती, जी मध्येच यायची बंद झाली. ती आठवते का? आज तिला फोन करा. 'कशी आहेस' एवढंच विचारून ठेवू नका. ती एखाद्या शेजारणीचं सांगायला लागली, तर ऐका, आणि मग हळूच विचारा, तू कशी आहेस."